रविवारची हवा

शुक्रवार, ३ जानेवारी

रणजीत सरांनी आज मीटिंगमध्ये निघोजे माझ्या गळ्यात मारलं. "मिनल, तू तिथलीच ना? मग तिथलं तू बघ." जणू गावात राहिलं की तिथल्या हवेशी सोयरीक होते!

काम सांगायला सोपं आहे. आमचं मॉडेल उद्याची हवा तासातासाने आधीच सांगतं. निघोज्याच्या शाळेच्या गच्चीवर एक यंत्र बसवलंय, ते हवेतली बारीक धूळ दर तासाला मोजतं. मॉडेल काय म्हणालं आणि यंत्राने काय पाहिलं हे शेजारी शेजारी मांडायचं, आणि महिनाअखेर मॉडेल पास की नापास ते सांगायचं. पास झालं तर एक फेब्रुवारीपासून आसपासच्या गावांतल्या लोकांच्या मोबाइलवर रोज सकाळी निरोप जाणार: आज बाहेर फिरा, किंवा आज घरात बसा.

सर म्हणाले, पास होणारच आहे. मग मला कशाला बसवलंय, हे मी मनात म्हणाले. पिंपळे गुरवच्या ऑफिसातून घरी येताना बसमध्ये सगळा वेळ हेच डोक्यात.

घरी पप्पांचं डॉक्टरांचं पुराण. सव्वीस वर्षं फाउंड्रीत ग्राइंडर धरून ओतकाम साफ केलं, ती धूळ अजून छातीत बसलीय. डॉक्टर म्हणतात, रोज चाला, पण हवा बघून. आता घरात हवा बघणारी लेक असताना काळजी कशाला? मी जेवतानाच जाहीर केलं की उद्यापासून मी सांगेन तेव्हाच निघायचं. पप्पा एवढे खूश झाले की अजून एक भाकरी मागितली.

आई म्हणाली, "घ्या, आता हवा बी लेकीला विचारून खायची."

रविवार, ५ जानेवारी

मॉडेलच्या मते रविवारची सकाळ म्हणजे आठवड्यातली सगळ्यात स्वच्छ. मी तोंड धुऊन बाहेर येते तर पप्पा कंपनीतून मिळालेले शेवटचे सेफ्टी शूज घालून, नाड्या बांधून पायरीवर बसलेले.

"काय म्हणायलंय तुझं मॉडेल?"

"जा पप्पा. इंद्रायणीपर्यंत बिनधास्त जा."

मधली सुट्टी झाल्यासारखे निघाले. मी परत पांघरुणात शिरले, पण झोप कसली! मागच्या फोर्जिंगवाल्याने रविवारीसुद्धा लोखंड ठोकायचा हॅमर सुरू केलेला. दाण, दाण, दाण. फळीवरचे डबे थरथरत होते. उठले, चहा केला, तो निवायच्या आत पुन्हा लॅपटॉप उघडला. एका जागी बसवत नाही हल्ली.

पप्पा परत आले ते धापा टाकत. नुसत्या हाताच्या खुणेने श्वासाचा पंप मागितला. चालायची सवय मोडलीय, दुसरं काय. होईल हळूहळू.

गुरुवार, ९ जानेवारी

आज लाइट नाही. आमच्याकडे गुरुवार म्हटलं की दुरुस्तीच्या नावाखाली लाइट जातेच. त्यात जाग उशिरा आली, कधी नव्हे ती मेल्यासारखी झोपले होते. बस चुकली.

जाता जाता पप्पांना बजावलं, आज मॉडेल लाल दाखवतंय, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि खिडक्या बंद. ते हिरमुसले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांचा गुरुवार काही सुटत नाही. गुरुवारी दाढी, गुरुवारी डोक्याला तेल, गुरुवारी मटण. बंद खिडक्यांत मटण शिजवायचं म्हणून आईचंही तोंड वाकडं.

"आज तर मोकळं वाटायलंय गं," पप्पा म्हणाले.

"पप्पा, हवा वाटण्यावर नसते, मोजण्यावर असते."

हे वाक्य मला इतकं आवडलं की ऑफिसात जाऊन गणराजला ऐकवलं. हा आमचा प्रोग्रॅमवाला, मॉडेल चालवतो तो. तो म्हणाला, निरोपाच्या खाली हेच छापू.

शनिवार, ११ जानेवारी

सुट्टी असून काम केलं. नोव्हेंबरपासूनचे सगळे तास मांडले. मॉडेल आणि यंत्र यांच्यातला सरासरी फरक जवळजवळ शून्य! गणराजला फोन केला तर तो आनंदाने ओरडलाच. "मिनल, पेढे! शून्य म्हणजे काय चेष्टा आहे का राव?"

मग मला का बरं वाटत नाहीये?

तासागणिक बघितलं की मधेच दात विचकल्यासारखी रेघ वर जाते. रविवारी सकाळी यंत्राचा आकडा मॉडेलच्या तिप्पट. उलट गुरुवारी यंत्र कमी दाखवतं, मॉडेल जास्त. घड्याळाचा घोळ असेल म्हणून तपासलं, मॉडेल परदेशी वेळेवर चालतं, साडेपाच तास मिळवायचे राहिले असतील. राहिले नव्हते. वारा तपासला. पाऊस तर नाहीच.

शेवटी उमगलं. यंत्र शाळेवर आहे. रविवारी शाळेला सुट्टी, शिपाई आठवड्याचा कचरा गोळा करून मैदानात पेटवत असणार आणि धूर सरळ यंत्रात जाणार. आणि गुरुवारी लाइट नसते, यंत्र बॅटरीवर चालतं, तेव्हा ते मंदावत असणार. 'स्थानिक कारण' असा शेरा मारून सरांना पाठवलं. त्यांनी लगेच ओकेचा अंगठा पाठवला.

तरी जिवाला चैन नाही. उगाच कपाट आवरलं, मग ते परत पसरलं.

रविवार, १२ जानेवारी

पप्पांनी आज सोपानकाका आणि ज्योतीरामकाकांनाही सोबत नेलं. दोघं त्यांच्याच कंपनीतले; सोपानकाका इथल्याच जुन्या घरातले, ज्योतीरामकाका आमच्यासारखे बाहेरून आलेले. पप्पा गल्लीभर सांगत सुटलेत की आमच्या मिनलचं मशीन हवा ओळखतं.

संध्याकाळी पुन्हा छाती भरली. ओठ काळपट दिसत होते. आईने तेव्हा कुठे तोंड उघडलं: परवा गुरुवारी मी ऑफिसला गेल्यावर हे महाशय नदीपर्यंत जाऊन आले होते! मी जी सुरू झाले ती थांबेना. लाल हवेत फिरायचं आणि मग रविवारी त्रास होतो म्हणायचं. पप्पा खाली मान घालून ऐकत होते, जसे सुपरवायझरचं ऐकत असतील. ओरडताना मलाच कसंतरी झालं, पण ओरडले.

गुरुवार, १६ जानेवारी

आईला पहाऱ्यावर बसवून आलेय. खिडक्या बंद, दार बंद. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत, पण धडधाकट राहू देत.

रविवार, १९ जानेवारी

मांडीवर वही ठेवून लिहितेय, अक्षर वाईट येणार.

सकाळी मीच म्हटलं, जा. पायरीवर बूट बांधून बसलेच होते. अर्ध्या तासात ज्योतीरामकाकांचा टेम्पो दारात आला आणि मागे पप्पा, सोपानकाकांच्या मांडीवर डोकं. श्वास आत जातच नव्हता. नुसती शिट्टी वाजत होती छातीत. पंप मारला, काही नाही. तसाच टेम्पो हॉस्पिटलकडे. रस्ताभर मी "पप्पा, श्वास घ्या, पप्पा, श्वास घ्या" म्हणत होते, जसं काही ते आळस करत होते.

आता ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, आज रात्र बघू.

सोपानकाका व्हरांड्यात बसून राहिले, घरी जाईनात. म्हणाले, "नदीच्या वाटंवर धूर लई व्हता. म्या म्हनलं, भीमराज, चल माघारी. तर न्हाईच. म्हनला, पोरीनं सांगितलंय, हवा चांगली हाय."

धूर नाही, धुकं असेल. जानेवारी आहे. थंडीने छाती आवळली असेल, गुरुवारचा चोरटेपणा अंगाशी आला असेल.

मी सांगितलं होतं म्हणून गेले.

मंगळवार, २१ जानेवारी

ऑक्सिजन कमी केलाय. पप्पांनी खुणेने विचारलं, ऑफिस? मी म्हटलं, रजा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. यांच्या आयुष्यात रजा म्हणजे आजार किंवा लग्न, आणि आजार म्हणजे स्वतःचाच.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून परवाची रविवार सकाळ बघितली. यंत्राचा आकडा भयंकर. मॉडेल हिरवंगार. 'स्थानिक कारण', माझाच शेरा. लॅपटॉप मिटला, उघडला, पुन्हा मिटला. शिपाई एवढा कचरा आणतो तरी कुठून?

गुरुवार, २३ जानेवारी

पप्पांना आज घरी आणलं. मॉडेल लाल दाखवतंय म्हणून मी डॉक्टरांशी वाद घातला, उद्या सोडा म्हणून. ते म्हणाले, मॅडम, खाट हवीय आम्हाला.

घरी आल्यावर पप्पांनी दारात खुर्ची टाकली. मी बोलायला तोंड उघडलं तर आईने डोळे वटारले. दिवसभर दारात बसून होते आणि एकदाही पंप मागितला नाही. औषधं चांगली लागू पडलेली दिसतात.

रविवार, २६ जानेवारी

सगळं लिहायचं आहे आणि हात पळत नाहीये.

सकाळी उठले तर पप्पा घरात नाहीत. आई म्हणाली, सोपानकाकांबरोबर शाळेत झेंडावंदनाला गेले. इथून इथे तर आहे शाळा. पण रविवार! मी अंगावर शाल ओढली आणि पळत सुटले. पप्पा मैदानात पहिल्या रांगेत, छाती काढून उभे. राष्ट्रगीत म्हणत होते. सबंध म्हटलं, मधे दम लागला नाही.

शिपाई अर्जुनमामा खुर्च्या उचलत होते. मी जवळजवळ भांडायलाच गेले. "मामा, दर रविवारी इथे कचरा जाळता का तुम्ही? वर आमचं यंत्र आहे."

"रविवारी म्या येतुय कुठं, ताई? आज झेंडा हाय म्हनून आलो. आन कचरा तर घंटागाडी नेती."

तिथेच उभी राहून मोबाइलवर यंत्राचे आकडे उघडले. आज सकाळचे दोन्ही आकडे जुळत होते: मॉडेल म्हणालं स्वच्छ, यंत्र म्हणालं स्वच्छ. नोव्हेंबरपासून एकाही रविवारी हे घडलं नव्हतं. आजच का? आज पोरं ओरडतायत, जिलेबी तळतेय, आज तर धूळ जास्त हवी!

पप्पांना हळूहळू घरी आणलं. आईने चहा ठेवला. मी कपाकडे बघत बसले. चहावर साय धरली होती, सपाट, एक सुरकुती नाही. आमच्या घरात चहावर अशी साय गुरुवारीच धरते. बाकी दिवस हॅमर तिला धरू देत नाही.

हॅमर!

हॅमर बंद होता. सव्वीस जानेवारी, कंपन्यांना सुट्टी. आणि इतर रविवारी हॅमर चालू असतो, कारण रविवारी इथे सुट्टी नसतेच. इथली सुट्टी गुरुवारची. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून कधीकाळी ठरलेली, माझ्या जन्माच्याही आधी. म्हणून लाइटवाले गुरुवारी तारा दुरुस्त करतात. म्हणून मी गुरुवारी मेल्यासारखी झोपते. म्हणून पप्पांची दाढी, तेल, मटण.

आणि मॉडेल? मॉडेलमध्ये कारखाने आठवड्यातून कधी बंद असतात हे आधीच भरून आलेलं होतं: रविवार. जगात सगळीकडे असतो तसा. मॉडेल बसवताना गणराजने मला विचारलं होतं, बरोबर आहे का? मी हो म्हटलं होतं. मला काय, माझ्या ऑफिसला रविवारी सुट्टी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. गुरुवारी माझी शाळा असायची आणि पप्पा घरी असायचे. गुरुवारी माझ्या वेण्या पप्पा घालायचे. एक जाड, एक बारीक, दोन्ही वाकड्या, आणि मी रडत शाळेत जायचे. सबंध लहानपण गुरुवार डोक्यावर घेऊन फिरले आणि मला तो आठवला नाही.

भट्ट्या पेटलेल्या, हॅमर चालू, थंडीत धूर खाली बसलेला, आणि मी रविवारमागून रविवार त्यांना म्हटलं, जा पप्पा, बिनधास्त जा. स्वच्छ दिवशी दार लावून आत कोंडलं. वर ओरडले.

सोमवार, २७ जानेवारी

गणराजने आकडे वारानुसार वेगळे काढले. दहा मिनिटांचं काम होतं. गुरुवारी मॉडेल भरमसाट जास्त सांगतं, रविवारी भरमसाट कमी, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून सरासरी फरक शून्य. गणराजने पडदा माझ्याकडे वळवला. "आपण याचे पेढे खाल्ले गं," एवढंच म्हणाला.

सर चिडले. आधी माझ्यावर, मग निघोज्यावर. सादरीकरण शुक्रवारी, एक तारखेपासून निरोप जाणार, सगळं ठरलेलं. "सरासरी उत्तम आहे ना? मग वाराबिराचं पुढच्या टप्प्यात बघू. एका वाराने काय होतं?"

"सर, एका भाजीत मीठ दुप्पट आणि दुसरीत अजिबात नाही, तर दोन्ही मिळून मीठ बरोबरच. पण ताटात वाढायचं काय?"

ते हसले नाहीत. मग मी सांगून टाकलं. रविवार सकाळ, टेम्पो, ऑक्सिजन, सगळं. आवाज फुटला मध्येच. ऑफिसात रडायचं नाही असं ठरवलेलं होतं, पण ठरवून काय होतं.

सर खिडकीपाशी गेले. मग विचारलं, "बाबा आता कसे आहेत?" आणि मग, "शुक्रवारी नापास म्हणून सांगू. तूच सांग. सुट्टी बदलून पुन्हा चालवा, पण गुरुवारचीसुद्धा सरसकट धरू नका. मोठ्या कंपन्यांची वेगळी असेल. फोन करून विचारा एकेकाला." जाता जाता पुटपुटले, "मी पण तुला तिथली म्हणूनच बसवलं होतं." हे लागलं. लागायलाच हवं होतं.

बुधवार, २९ जानेवारी

पप्पांना सांगायचं दोन दिवस टाळलं. आज सांगितलं. ते लसूण सोलत होते, आईला मदत म्हणून. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, माझं चुकलं, पप्पा. माझ्यामुळे झालं.

ते लसूण सोलतच राहिले. "मला वाटायलंच होतं," म्हणाले.

"काय वाटत होतं?"

"रविवारी छाती धरती म्हणून. पैल्याच रविवारी कळालं होतं. गुरुवारी मोकळं असतंय, ते तर जल्मभर ठावं हाय."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज पुन्हा चढला. "एकदा तरी म्हणायचं ना, की मिनल, तुझं मशीन खोटं बोलतंय!"

त्यांनी पाकळ्या वाटीत टाकल्या, साली गोळा केल्या. "सव्वीस वर्षं ती धूळ खाल्ली, कशासाठी? तू शिकावं म्हणून. आता तू शिकलीस, मोठ्या हापिसात हवा मोजायलीस. मग तुझ्या मोजण्यापेक्षा माझ्या ह्या फुटक्या भात्यावर इस्वास ठेवू काय? मला वाटलं, माझीच छाती चुकायली."

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. तिने पदर डोळ्याला लावला ते मी पाहिलं. मी उठले. वाटी उचलली, ठेवली, बाहेर जाऊन नळ उघडा आहे का पाहून आले. मग सोपानकाका आणि ज्योतीरामकाकांकडे जाऊन दोघांना सांगितलं की रविवारी निघू नका, माझं चुकलं होतं. ज्योतीरामकाका नुसते हं म्हणाले. सोपानकाका म्हणाले, "आगं, पर भीमराज आमाला सांगंल का तसं? त्यो तर म्हनंल, पोरीनं पुन्यांदा मोजलं."

घरी आले तर पप्पा आईला तेच सांगत होते. पोरीने पुन्हा मोजलं म्हणून.

गुरुवार, ३० जानेवारी

लाइट नाही. हॅमर नाही. गाढ झोप लागायला हवी होती, पण पहाटेपासूनच जागी.

गणराजने सुट्ट्या बदलून मॉडेल पुन्हा चालवलंय. काल रात्री निकाल पाठवला: निघोजे, गुरुवार सकाळ, हिरवं. यंत्राचे आताचे आकडेही चांगले. दोन्ही एका सुरात.

बाहेर आले तर पप्पा पायरीवर. सेफ्टी शूज, नाड्या घट्ट बांधलेल्या. डॉक्टरांनी आता थोडं चालायला सांगितलंय. दाढी झालेली, डोक्याला तेल. माझ्याकडे वर बघून त्यांनी विचारलं, अगदी पहिल्या दिवशी विचारलं होतं तसंच, एवढं सगळं होऊनही तसंच:

"काय म्हणायलंय तुझं मॉडेल?"

मोबाइल हातात होता. हिरवं होतं. यंत्रही हो म्हणत होतं, पप्पांची छातीही हो म्हणत असणार. एक शब्द तर होता. जा. तो तोंडातून निघेना. ते वाट बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर आजच्या एवढ्या मोकळ्या दिवशीही ते निमूट बूट सोडून आत गेले असते, हे मला लख्ख दिसलं.

मी आत गेले. पंप घेतला, ओढणीच्या टोकात बांधला. चपला घातल्या.

"आज ऑफिस न्हाई?" पप्पांनी विचारलं.

"दुपारी जाईन."

"बस चुकल की."

"चुकू दे. चला पप्पा, हळू."